परवलीचा शब्द : भाषाशास्त्राच्या दृष्टीने

१

पहाऱ्यावरील शिपायाने रात्री येणाऱ्या-जाणाऱ्यास जो संकेतशब्द विचारावयाचा, त्यास मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. संगणकावरील पासवर्डसाठीही हीच संज्ञा योजली जाते, आणि अर्थाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. कारण बोलणारा आपला की परका हे ठरविणे, हेच दोहोंचे कार्य. तथापि त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहाऱ्यावरील शब्द अधिकारी ठरवून देतो आणि तो अल्पकाळापुरताच असतो. उलट संगणकावरील शब्द ज्याचा तोच निवडतो, वर्षानुवर्षे तोच चालवितो, आणि तो ओळखू पाहणारे यंत्र न थकता कोट्यवधी शब्द लावून पाहू शकते. शब्दाची निवड भाषा बोलणाऱ्या मनुष्याकडे आली, येथेच ह्या विषयाचा भाषाशास्त्राशी संबंध जडतो.

आज वेतनाचे पत्रक, बँकेतील ठेव, प्राप्तिकराचे विवरणपत्र, विद्यार्थ्यांचे गुण ह्या सर्वांचे दार अशा एका शब्दाने उघडते. ते परक्याने उघडले की कार्यालय बहुधा कर्मचाऱ्यास दोष देते. शब्द सोपा ठेवला, नियम पाळला नाही, असे म्हटले जाते. हा दोष कितपत न्याय्य आहे, आणि नियमच भाषेच्या स्वभावाविरुद्ध केलेला आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

केवळ गणिताने पाहिल्यास आठ अक्षरांचा शब्द पुष्कळ सुरक्षित वाटतो. रोमन लिपीतील २६ लहान अक्षरांपासून अशा शब्दांच्या २०,८८२ कोटींहून अधिक जुळण्या होतात. परंतु कोणतीही भाषा आपल्या अक्षरांच्या सर्व जुळण्या वापरीत नाही. ‘विद्यापी’ इतके वाचल्यावर पुढील अक्षर वाचकास वाचावे लागत नाही. भाषेचा हा गुण अनुमेयता ह्या नावाने सांगता येईल. क्लॉड शॅनन ह्यांनी १९४८ साली त्याचे गणिती विवेचन केले आणि १९५१ साली इंग्रजीवर त्याचे मापन प्रसिद्ध केले. सर्व अक्षरे सारख्याच संभवाची असती तर प्रत्येक अक्षरामागे सुमारे ४.७ बिट इतकी अनिश्चितता राहिली असती. सुमारे आठ अक्षरांपर्यंतचे परस्परसंबंध लक्षात घेतल्यास ती २.३ बिटांवर येते, आणि शंभरेक अक्षरांचा संदर्भ हाती असल्यास एका बिटाच्या आसपास उरते. ह्या अनुमेयतेमुळेच गोंगाटात बोलणे समजते आणि अशुद्ध छापलेले पुस्तक वाचता येते. संभाषणास जो गुण उपकारक, तोच गुप्ततेस मारक ठरतो.

१९६१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अनेकांनी एकाच संगणकावर काम करण्याची जी पद्धती दाखविण्यात आली, तीत प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र परवलीचा शब्द आला. पुढे अठरा वर्षांनी, म्हणजे १९७९ साली, रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन ह्यांनी लोकांनी निवडलेल्या ३,२८९ शब्दांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, एकतर फार तोकडे होते, केवळ लहान अक्षरांचे होते, किंवा शब्दकोशांत व नावांच्या याद्यांत सापडणारे होते. २०१२ साली जोसेफ बोनो ह्यांनी याहू ह्या सेवेच्या सुमारे ७ कोटी ग्राहकांच्या शब्दांचा अभ्यास मांडला. त्यात हे शब्द संगणकाच्या दारावरच मोजके प्रयत्न करणाऱ्यापुढे १० बिटांहूनही कमी, तर चोरलेली यादी घरी नेऊन सावकाश प्रयत्न करणाऱ्यापुढे सुमारे २० बिट इतकेच बळ धरतात, असे आढळले. १० बिट म्हणजे १,०२४ पर्यायांतून एक. भाषाभ्यासकांनी लक्षात घ्यावा असा निष्कर्ष आणखी वेगळाच आहे : परस्परांपासून दूरच्या वाटणाऱ्या भाषिक समाजांतही दुबळे शब्द बव्हंशी तेच निघाले. तेव्हा ही एखाद्या समाजाची वा कचेरीची हयगय नसून मानवी निवडीचा सामान्य धर्म होय.

३

ह्या धर्मावर उपाय म्हणून जे नियम झाले, त्यांच्या मुळाशीही शॅनन ह्यांचेच आकडे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत शब्दाचे बळ मोजण्याची पुढील रीत दिली होती : पहिल्या अक्षरास ४ बिट, पुढील सात अक्षरांस प्रत्येकी २ बिट, आणि मोठी अक्षरे व अक्षरेतर चिन्हे घालण्याची सक्ती असल्यास आणखी ६ बिट. ह्या हिशेबाने आठ चिन्हांचा शब्द २४ बिटांचा ठरे.

ह्या मापनात दोन दोष होते. शॅनन ह्यांनी मोजले ते सलग गद्य. परवलीचा शब्द हा गद्याचा तुकडा नव्हे. त्यात नावे, जन्मवर्षे, दैवते, कळफलकावरील शेजारची अक्षरे ह्यांचाच भरणा असतो. दुसरे असे की, शॅनन ह्यांचे माप सरासरीचे आहे. परंतु ओळखू पाहणारा सरासरीपासून आरंभ करीत नाही, तो सर्वांत प्रचलित शब्दापासून करतो. थोडे शब्द फार वेळा आणि फार शब्द थोड्या वेळा येतात, ही वारंवारतेची रीत शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांस परिचित आहेच. २०१० साली उघडकीस आलेल्या शब्दांच्या मोठ्या संग्रहांवर हे माप तपासले असता ते प्रत्यक्ष बळाशी जुळत नाही, असे संशोधकांनी दाखवून दिले.

सक्तीचा परिणाम तर अधिकच उद्बोधक आहे. मोठे अक्षर हवे म्हटले की ते बहुधा आरंभी येते. अंक हवा म्हटले की तो शेवटी येतो. चिन्ह हवे म्हटले की ते अंकाच्याही मागे जाऊन बसते. म्हणजे नियमाने अनुमेयता घटली नाही, तिला एक नवे व्याकरण मिळाले. दर तीन महिन्यांनी शब्द बदलावयास लावले तर मूळ शब्द प्रकृतीप्रमाणे स्थिर राहतो आणि शेवटचा अंक तेवढा प्रत्ययाप्रमाणे पालटतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ७,७०० हून अधिक खात्यांवर २०१० साली झालेल्या अभ्यासात जुना शब्द ठाऊक असता त्यावरून नवा शब्द शेकडा ४१ वेळा तीन सेकंदांच्या आत काढता आला.

उपरोक्त संस्थेने २०१७ साली आपली भूमिका पालटली : चिन्हांच्या मिश्रणाची सक्ती करू नये आणि विनाकारण ठराविक मुदतीने शब्द बदलावयास लावू नये, असा सल्ला तिने दिला. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत ह्या सल्ल्याचे निषेधात रूपांतर झाले. जुन्या मार्गदर्शिकेचे प्रमुख लेखक बिल बर ह्यांनीही आपल्या सूचनांबद्दल २०१७ साली जाहीर खेद व्यक्त केला. तेव्हा जुना नियम चालविणाऱ्या कार्यालयाने त्याच नियमाच्या अपयशाचा भार कर्मचाऱ्यावर टाकणे युक्त नव्हे.

४

मराठी भाषिकांपुढे ह्याखेरीज लिपीचा प्रश्न आहे. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिल्यास तो परक्यास ओळखता येणार नाही, असा एक समज असतो. शब्द एक आणि त्याची रोमन रूपे अनेक, हे खरे. परंतु ती रूपे मनास येतील तशी होत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ स्वर, न-ण, ल-ळ अशा थोड्या ठिकाणीच विकल्प असतात, आणि असे विकल्प यंत्रास क्षणात मांडता येतात. उलट ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘कळ’ आणि ‘कल’ हे शब्द रोमन लेखनात बहुधा एकरूप होतात. म्हणजे विविधता वाढण्याऐवजी काही ठिकाणी घटतेच.

मग शब्द देवनागरीतच का ठेवू नये? येथे दोन अडचणी येतात. पहिली मोजणीची. ‘क्षत्रिय’ ह्या शब्दात वाचक तीन अक्षरे मोजतो. युनिकोड संकेतप्रणालीत मात्र तो आठ संकेतांचा आहे : क, हलन्त चिन्ह, ष, त, पुन्हा हलन्त चिन्ह, र, इकार आणि य. ‘किमान आठ चिन्हे’ ही अट तो पुरी करील, परंतु त्याने त्याचे बळ वाढत नाही; तो शब्दकोशातील एक शब्दच राहतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘तऱ्हा’ हा शब्द स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन पाच संकेतांत लिहिता येतो, तसाच साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन सहा संकेतांतही लिहिता येतो. ‘ॲप’ मधील ‘ॲ’ एका संकेताचा असू शकतो किंवा ‘अ’ व अर्धचंद्र अशा दोन संकेतांचा. डोळ्यास रूप एकच दिसते. यंत्रास मात्र ते दोन भिन्न शब्द होत. युनिकोडने समरूप लेखनाचे जे सामान्यीकरण ठरविले आहे, त्यानेही ही दोन उदाहरणे एक होत नाहीत. कार्यालयातील कळफलक एका रीतीने लिहितो आणि दूरध्वनीवरील दुसऱ्या. शब्द तर टिंबांआड लपलेला. परिणामी खऱ्या मालकासच दार बंद व्हावे, अशी वेळ येऊ शकते.

५

उपाय परवलीच्या मूळ कल्पनेतच आहे : शब्द निवडण्याचे काम बोलणाऱ्याकडून काढून घ्यावे. आर्नल्ड राइनहोल्ड ह्यांनी १९९५ साली सुचविलेल्या रीतीत ७,७७६ साध्या शब्दांची यादी असते. फासा पाच वेळा टाकून जो क्रमांक येईल तो शब्द घ्यावयाचा. प्रत्येक शब्द सुमारे १२.९ बिटांची भर घालतो. सहा शब्दांचे बळ ७७ बिटांहून अधिक होते. यादी चोराच्या हाती पडली तरी हा हिशेब बदलत नाही, कारण बळ शब्दांच्या दुर्मिळतेत नसून निवडीच्या यादृच्छिकतेत आहे. मात्र पडलेले शब्द मनास रुचत नाहीत म्हणून त्यांचे अर्थपूर्ण वाक्य करावयास गेले, की व्याकरण आणि अनुमेयता दोन्ही परत येतात. अर्थात, दूरध्वनीवर कोणा तोतयास सांगून टाकलेल्या अथवा अनेक ठिकाणी एकच ठेवलेल्या शब्दास कोणतेही गणित वाचवू शकत नाही. त्यासाठी ओळखीचा दुसरा पुरावा मागणे आवश्यकच आहे.

मराठीसाठी अशी यादी करणे हे यंत्रज्ञाचे नव्हे, भाषाभ्यासकाचे काम आहे. तीत घ्यावयाचे शब्द परिचित व आखूड हवेत. रोमन लेखनात परस्परांत मिसळणारे नकोत. ज्यांचे रोमन रूप बहुतेक लेखक एकाच प्रकारे करतात असे हवेत. देवनागरीत घ्यावयाचे तर संकेतलेखनात द्वैत असलेले सर्व शब्द वगळावे लागतील. ‘घर’, ‘मका’, ‘नदी’ असे शब्द सहज सुचतात; परंतु ७,७७६ ही संख्या गाठताना ह्या कसोट्या एकमेकींच्या आड कोठे येतात, हे प्रत्यक्ष गणनेनेच कळेल. त्या गणनेसाठी प्रथम मराठी भाषिकांच्या रोमन लेखनसवयींचे पद्धतशीर संकलन हवे. वर्णविचार, लेखनपद्धती आणि शब्दवारंवारता ह्या तिन्ही अंगांस स्पर्श करणारा हा विषय पदव्युत्तर प्रबंधिकेस सर्वथा योग्य आहे.