देश बदलला, पंचांग मात्र तेच : परदेशस्थ वृद्धांची ऋतुचर्या

निवृत्तीनंतर समुद्रकिनारी, उबदार हवेच्या परदेशात जाऊन राहावे, ही इच्छा आता केवळ युरोपीय लोकांची राहिलेली नाही. आपल्याकडील सुस्थितीतील ज्येष्ठ मंडळीही हा विचार करू लागली आहेत. त्यांत मॉरिशस हे मराठी माणसाला विशेष जवळचे वाटणारे बेट होय. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कुटुंबांचे वंशज तेथे आजही घरोघरी गणपती बसवितात, आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्या परदेशी निवृत्तांना तेथील शासन १० वर्षांचा निवास परवाना देते. त्यासाठी ठरावीक रक्कम परदेशातून नियमितपणे तेथील बँकेत जमा व्हावी लागते. या अटींची चौकशी सर्वजण करतात. आपल्या शरीराला ते बेट कोणत्या अटी घालील, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. खेदाने नमूद करतो की, मीही ती केली नव्हती.

माझे एक जुने रुग्ण, निवृत्त अभियंता, वय ६४, वातपित्त प्रकृती, रक्तदाबासाठी नित्य गोळी घेणारे. ते व त्यांच्या पत्नी २०२२ मध्ये मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक आं फ्लाक या गावी स्थायिक झाले. डिसेंबर २०२३ मध्ये काकांचा दूरध्वनी आला. थकवा वाटतो, वजन घटले आहे, म्हणाले. मार्गशीर्ष चालू होता. अग्नी प्रबल, बृंहणास योग्य काळ, असा विचार करून मी नेहमीप्रमाणे डिंकाचे लाडू, रात्री दुधातून अश्वगंधा, सकाळी च्यवनप्राश आणि तिळतेलाचा अभ्यंग सांगितला. काकूंनी सर्व निष्ठेने केले.

तीन आठवड्यांत छातीत जळजळ, घामोळे व निद्रानाश सुरू झाला. जळजळीमुळे काकांचे जेवणखाण आणि पाणी पिणेही कमी झाले होते. मकरसंक्रांतीच्या सुमारास ते रात्री चक्कर येऊन न्हाणीघरात पडले. हाड मोडले नाही, हे सुदैव. तेथील डॉक्टरांनी शरीरातील जलांश कमी झाल्याचे सांगून रक्तदाबाच्या औषधाची मात्रा बदलली. नंतर काकू मला एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही थंडीचे औषध दिलेत, इथे तर अंगाची लाही होतेय.”

चूक औषधाची नव्हती, काळाच्या गणनेची होती. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. तेथे नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व पावसाळी काळ, तर मे ते ऑक्टोबर हा तुलनेने थंड व कोरडा काळ. आपण तिळगूळ वाटतो त्यानंतर आठवडाभरातच मध्यान्हीचा सूर्य त्या बेटाच्या जवळजवळ माथ्यावर येतो. हाच चक्रीवादळांचाही काळ. १५ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या संक्रांतीच्याच दिवशी, बेलाल वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली गेले होते.

आपल्या संहितांतील आदान व विसर्ग काळाचे विवेचन उत्तर गोलार्धातील सूर्यगतीवर आधारलेले आहे. दक्षिण गोलार्धात ते उलटे लावावे लागते. ऋतू ओळखावयाचा तो महिन्याच्या नावावरून नव्हे, तर शीत, उष्ण, वर्षा या त्याच्या लक्षणांवरून. हे आपण सर्वजण शिकलो आहोत. परंतु जन्मभर एकाच अक्षांशावर चिकित्सा केल्याने मार्गशीर्ष म्हणजे हेमंत हे समीकरण हाताला इतके बसते की, रुग्णाचा देश बदलला तरी लेखणी तेच लिहून जाते.

देशविचारही तितकाच महत्त्वाचा. समुद्रवेष्टित म्हणून या बेटाला सरसकट आनूप म्हणणे पुरेसे नाही. आग्नेयेकडून येणारे वारे पूर्व किनाऱ्यावर व मध्य पठारावर विपुल पाऊस देतात. पश्चिम किनारा पर्जन्यछायेत असल्याने अधिक कोरडा व उष्ण राहतो. पठारावरील क्युरपिप व किनाऱ्यावरील फ्लिक आं फ्लाक यांत अंतर थोडे, पण पथ्य निराळे.

सणांच्या आहाराचा प्रश्न येथेच उद्भवतो. आपल्याकडे दिवाळीचा फराळ व संक्रांतीचे तीळ हे वाढत्या अग्नीला धरून आहेत. तेथे दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडाशी येते आणि संक्रांत ऐन उन्हाळ्यात. उलट, श्रावणातील उपवास आपल्याकडे मंद अग्नीला विश्रांती देतात. तेथे तो थंड व कोरड्या वाऱ्याचा काळ असल्याने वृद्धांत वातवृद्धी करू शकतात. सण सोडा, असे मी कोणासही सांगत नाही. तिळगूळ हातावर ठेवावा, परंतु तिळाचे लाडू डबाभर करू नयेत. उपवास करावा, पण उष्ण व स्निग्ध पदार्थांसह.

शोधनाबाबत माझे मत असे : तेथील वमनाचा विचार थंडी सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बस्तीचा जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसात आणि विरेचनाचा पाऊस ओसरल्यावर एप्रिल-मेमध्ये करावा. तोही प्रत्यक्ष परीक्षणानंतरच. मॉरिशसमध्ये १९८९ च्या कायद्याने आयुर्वेदास मान्यता आहे. तेव्हा रुग्णाला तेथील नोंदणीकृत वैद्याकडे सोपविण्यात कमीपणा मानू नये.

आणखी एक सावधगिरी. २००५-०६ मध्ये या बेटावर चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. उष्ण व पावसाळी महिन्यांत ज्वरासह संधिशूल असल्यास दूरध्वनीवरून आमवात ठरवू नये. रक्ततपासणी आधी करून घ्यावी.

काकांना आम्ही लाडू, च्यवनप्राश व अश्वगंधा बंद करून मनुका, धण्याचे पाणी, मऊ भात, मुगाचे वरण व तुपावर आणले. अभ्यंगाला खोबरेल सुचविले आणि बाहेर फिरणे सूर्योदयापूर्वी ठेवले. महिन्याभरात झोप लागू लागली. बृंहण पुढे जुलैमध्ये केले, ते उत्तम सोसले.

आपल्या रुग्णपत्रिकेत ‘देश’ हा रकाना असतो. सवयीने आपण त्यात ‘साधारण’ लिहून पुढे जातो. परदेशी जाणाऱ्या वृद्धाचा तो रकाना नीट भरावा, आणि त्याच्याशी बोलताना पहिला प्रश्न तक्रारीचा नसून हवेचा असावा, एवढीच वैद्यबंधु-भगिनींना विनंती. मीही आता काकांना आधी तेच विचारतो.