खानापूरहून विमान गाठताना : आकाशातले अंतर, घाटातला वेळ

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून दाबोळी सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर, तर मोपा सुमारे ८० किलोमीटर आहे. हवाई अंतर सागरी मैलांत मोजतात; एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगाने १०० किलोमीटर कापायला १२ मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरण्यासाठी रांगेत येणे यांतच त्याहून अधिक वेळ जातो. वेळापत्रकातील कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा असतो.

खानापूरच्या प्रवाशाचे गणित मात्र जमिनीवर ठरते. सांबरा पठारावरच असल्याने वाटेत घाट नाही. मोपा सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर असले, तरी सह्याद्री उतरण्यासाठी रामनगरमार्गे अनमोड किंवा जांबोटीमार्गे चोर्ला घाट धरावा लागतो. वळणांमुळे अंतर वाढते. पावसाळ्यात धुके आणि दरडींमुळे वेळेचा भरवसा राहत नाही. त्यामुळे अशा दिवसांत पुरेसा अवधी हाताशी ठेवून निघणेच शहाणपणाचे.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाहून उड्डाणे सुरू झाल्यापासून गोव्यात दोन विमानतळ आहेत. तिकिटावर ‘जीओआय’ असल्यास दाबोळी, ‘जीओएक्स’ असल्यास मोपा समजावे. केवळ ‘गोवा’ वाचून निघालेला प्रवासी घाट वेळेत उतरूनही विमानाला मुकू शकतो.