पिंजरा कुठे टाकायचा?

हाउन्सलोत सुरमई गोठवलेलीच मिळते. ताजा म्हणजे स्कॉटलंडचा, शेतीतला सालमन. रविवारी तोच चिरत होतो, तेवढ्यात वेंगुर्ल्याहून काकीचा फोन. "आमच्या गटाक धा टक्के भरूचे आसत. धाडतलस काय?"

राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेत (२०१७) गटाला ९० टक्के अनुदान मिळतं, उरलेले गटाने घालायचे. बायकांना खाडीत जिताड्याचे पिंजरे टाकायचेत.

"जागा कोणी ठरवली?"

"एक जाणकार इलेलो. एप्रिलात."

एप्रिलची खाडी आणि जुलैची खाडी एक नव्हे! पावसात पाणी गोडं होतं. जिताडा ते सोसतो, कालवं फार दिवस नाही. ओहोटीला पाणी किती उरतं, होडी कुठून काढतात, जाळं कोण कुठे लावतं, हे तिथल्या माणसांनाच ठाऊक. जाळ्याच्या वाटेत पिंजरा आला की दोर कापला जायला एक रात्र पुरते.

स्कॉटलंडमध्ये २००७ पासून समुद्रातल्या मत्स्यशेतीला स्थानिक काउन्सिलची परवानगी लागते. गावकरी लेखी हरकत घेतात. उत्तर-पूर्व किनाऱ्यांवर तर नवी सालमनशेती नकोच, असं सरकारचं धोरण. तरी सालमनच्या उवांवरून भांडणं चालूच आहेत म्हणा.

"पैसे उद्या टाकतो," मी म्हटलं, "पण आधी जाळीवाल्यांना होडीत घालून जागा दाखवा."

"त्यांच्याशी आमी दोन वर्षां बोलत नाय."

"मग आधी चहाला बोलव."

काकी जरा थांबली. "साखर महाग झाली हा," म्हणाली, आणि हसली.