एकोणीस अंशांवरचा डेलिया

नकाशावर मेक्सिको सिटीपासून मुंबईपर्यंत आडवी रेघ ओढली, तर ती जवळजवळ सरळ जाते. मेक्सिको सिटी १९.४ अंश उत्तरेला, मुंबई १९.१, पुणे १८.५. मध्ये अर्धी पृथ्वी आहे. पण जूनमधला दिवस किती मोठा आणि डिसेंबरमधला किती लहान, याचं गणित दोन्हीकडे एकच. डेलिया त्या मेक्सिकोच्या डोंगराळ पठारावरचा. आपल्याकडे तो आला साहेबांच्या बंगल्यांमधून, हिवाळी ‘सीझनल’ फुलांच्या यादीत बसून. त्यामुळे त्याला विलायती समजून विलायती पुस्तकांबरहुकूम वाढवायची सवय लागली ती लागलीच. माझं म्हणणं असं की, दख्खनच्या पठारावर डेलिया उत्तम करायचा असेल तर इंग्लंडची बाग विसरावी आणि त्याचं मूळ गाव डोळ्यांसमोर ठेवावं.

मूळ गावचं ऋतुमान आपल्याला परकं नाही. मे-जूनमध्ये पाऊस सुरू होतो, कंद फुटतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं. मग पाऊस थांबतो, वरचं झाड वाळून जातं आणि कोरड्या हिवाळ्यात कंद जमिनीखाली झोपून राहतो. फरक उंचीचा आहे. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर, पुणे ५६० मीटरवर. तिथे भर पावसाळ्यातही रात्री गार असतात. आपल्या श्रावणात रात्रीचं तापमान २२ अंशांच्या खाली फारसं उतरत नाही. महाबळेश्वरला उंची आहे, पण तिथला पाऊस कुठल्याही कंदाला कुजवणारा.

युरोपात हे फूल बियांच्या रूपाने पोचलं. त्याआधी सोळाव्या शतकात स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पाठवलेल्या फ्रान्सिस्को हर्नांदेस या वैद्याने मेक्सिकोतल्या वनस्पती नोंदवताना याची नोंद केली होती. १७८९ साली मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानाचे विसेंते सेर्वांतेस यांनी माद्रिदच्या राजोद्यानातल्या कावानियेस यांना बी पाठवलं. १७९१ मध्ये कावानियेस यांनी फुलाचं वर्णन छापलं आणि स्वीडनच्या आंद्रेआस दाल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याला नाव दिलं. नेपोलियनच्या जोसेफिनने मालमेझाँच्या बागेत डेलिया जोपासले. कंद बटाट्यासारखा खाता येईल, अशीही युरोपीयांना आशा होती. पण त्यात पिठाऐवजी इन्युलिन असतं आणि ती चव तिथे कुणाला रुचली नाही. १८७२ साली मेक्सिकोतून हॉलंडमधल्या उट्रेख्टला कंदांची एक पेटी आली. वाटेत बहुतेक सगळे कुजले, एक जगला. त्याला लाल, टोकदार, मागे वळलेल्या पाकळ्यांचं फूल आलं. ‘कॅक्टस’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार त्या एका कंदापासून सुरू झाला.

रानातला डेलिया साधा असतो: मध्ये पिवळी चकती, भोवती आठ पाकळ्या. त्यातून एवढे प्रकार निघाले याचं कारण त्याच्या पेशीत आहे. आपल्यात गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ. एकाच फुलाचं बी पेरलं तरी दोन रोपं सारखी निघत नाहीत. नोंदलेल्या जातींची संख्या ५०,००० च्या पुढे आहे, आणि त्यातली कुठलीही जात जशीच्या तशी हवी असेल तर कंद किंवा छाट कलम एवढेच मार्ग.

आपल्याला इथे हवा आहे तो ‘डेकोरेटिव्ह’. पूर्ण भरलेलं फूल, मधली चकती अजिबात दिसायची नाही, पाकळ्या रुंद, चपट्या, टोकाला बोथट. नेटक्या थरांत रचलेल्या पाकळ्यांचा तो औपचारिक आणि लहरत, मुरडत गेलेल्या पाकळ्यांचा तो अनौपचारिक. प्रदर्शनातल्या कुंडीत दिसणारा पिवळाधमक ‘केल्विन फ्लडलाइट’ या गटातला राक्षसी आकाराचा डेलिया. फूल दहा इंचांच्या पुढे जातं. दुधाळ चहाच्या रंगाचा ‘कॅफे ओ ले’ अनौपचारिक, हल्ली लग्नांच्या सजावटीत जगभर मागणी असलेला. पण वाफ्यासाठी आणि फुलदाणीसाठी मी चार ते सहा इंची फुलांच्या जाती निवडेन. मोठं फूल वाऱ्याने मान टाकतं आणि फुलदाणीत इतर कुणाला जागा ठेवत नाही.

आता खरी अडचण. डेलिया दिवसाची लांबी मोजतो. दिवस बारा-चौदा तासांचा असेपर्यंत झाड वाढतं आणि भरलेली फुलं देतं. दिवस बारा तासांच्या खाली गेला की त्याचं लक्ष कंदाकडे वळतं. फुलात पाकळ्यांचे थर कमी होतात आणि मधली पिवळी चकती उघडी पडू लागते. पुण्यात १ सप्टेंबरला दिवस साडेबारा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जेमतेम ११ तासांचा. डेलियाला हवा सप्टेंबरचा दिवस आणि डिसेंबरची रात्र. आपल्याकडे या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप आणून लावलं की ते लहान असतानाच आखूड दिवसांत सापडतं, आणि जानेवारीत मधोमध उघडी फुलं आली की दोष खताला दिला जातो.

उपाय सरळ आहे: लवकर सुरुवात. श्रावणात कंद ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये, पावसाचं पाणी थेट पडणार नाही अशा पत्र्याखाली जागे करावेत. फुटवे तीन इंचांचे झाले की पेराच्या खाली धारदार पात्याने कापून जाड वाळूत लावावेत. पंधरा-वीस दिवसांत मुळं धरतात. घटस्थापनेच्या सुमारास रोपं वाफ्यात जावीत, म्हणजे आखूड दिवस येईपर्यंत पानांचा संभार तयार असतो. शेवंतीचे शेतकरी दिवस लांबवायला संध्याकाळी दिवे लावतात. चार-दोन कुंड्यांसाठी गच्चीवरचा एक दिवाही तेच काम करील.

कंद फोडून लावायचा असेल तर नीट पाहून घ्यावं. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाचा कंद मुळात फुगलेलं मूळ आहे, त्याला स्वतःला डोळाच नाही. डोळे असतात जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथे कंदाची मान खोडाला चिकटते तिथे, टाचणीच्या डोक्याएवढे, कधी गुलाबी, कधी पांढरट. मान आणि खोडाचा छोटा तुकडा सोबत आला तरच तो कंद फुटतो. नाहीतर चांगला गलेलठ्ठ कंद महिनोन्‌महिने मातीत तसाच पडून राहतो. म्हणून घाई न करता कंद आठवडाभर ओलाव्यात ठेवावेत, डोळे फुगले की सुरी चालवावी आणि कापलेल्या जागी बुरशीनाशक किंवा राख लावावी.

वाफ्याला सकाळचं ऊन निदान सहा तास हवं. पाण्याचा निचरा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. दोन झाडांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवावं. चार फुटी जाती मागे, बुटक्या पुढे. काठी लागवडीच्या वेळीच रोवावी, नंतर रोवली तर ती कंदात घुसते. चांगलं कुजलेलं शेणखत आणि हाडांचं खत पुरे. युरियाचा मोह टाळावा, नत्राने पानं माजतात आणि दांडे पोकळ, लेचेपेचे होतात. पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा. हात धजत नाही, पण खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात. लांब दांड्याचं कापायचं फूल हवं असेल तर बाजूच्या दोन हरभऱ्याएवढ्या असतानाच काढाव्यात आणि खालची दोन पेरं बगलफूटही. वाफ्यात नुसता रंग हवा असेल तर हे सगळं सोडून द्यावं, फक्त सुकलेली फुलं काढत राहावं.

मावा, फुलकिडे, कोरड्या हवेत लाल कोळी येतातच. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा हा पहिला उपाय. शिरांलगत पिवळी पडलेली, खुरटलेली रोपं मात्र मोझॅक विषाणूची असू शकतात, आणि मावा तो पसरवतो. असं झाड कितीही आवडतं असलं तरी उपटावं आणि त्याचा कंद ठेवू नये.

फूल कापण्याच्या बाबतीत डेलिया गुलाबासारखा वागत नाही. कळी कापली तर ती फुलदाणीत उमलत नाही. जवळजवळ पूर्ण उमललेलं फूल भल्या सकाळी कापायचं. कापण्याआधी फूल उलटं करून मागची ओळ बघावी: पाकळ्या ताठ असतील तर फूल चार-पाच दिवस टिकेल, कागदासारख्या मऊ पडल्या असतील तर त्याची वेळ गेली. दांडा लगेच पाण्यात. लांब पल्ल्याच्या वाहतुकीला हे फूल टिकत नाही, त्यामुळे बाजारातून विकत आणण्यापेक्षा घरच्या वाफ्यातलंच चांगलं.

भरपूर डेलिया म्हणजे काय, हे पाहायचं तर हॉलंडमधलं झुंडर्ट, व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं जन्मगाव. तिथे १९३६ पासून डेलियांनी मढवलेल्या प्रचंड चित्ररथांची मिरवणूक निघते, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी. वाड्यावस्त्या आपापसांत चुरस लावतात आणि फुलांची शेतंही स्वतः राखतात. शेवटच्या दिवसांत म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे एकेक फूल टाचत बसतात.

तिथे कंदाचा शत्रू हिमतुषार. आपल्याकडे दोन शत्रू, मे आणि जुलै. मार्चमध्ये पानं पिवळी पडली की पाणी तोडावं, खोड सहा इंचांवर कापावं, आठ-दहा दिवसांनी गड्डा अलगद उकरून सावलीत वाळवावा. मग कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात, घरातल्या सगळ्यांत गार खोलीत. मे महिन्यात कंद सुरकुतले तर वाळूवर पाण्याचा हलका हबका मारावा. जूननंतर एक थेंबही नाही, आणि दर पंधरवड्याला मऊ पडलेला कंद काढून टाकावा.

बंगालमध्ये रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांच्यासारख्यांनी डेलियाच्या नव्या जाती तयार केल्या, आणि त्या देशभर लावल्या जातात. दख्खनसाठी असं काम व्हायला हवं, आणि ते गच्चीवरही होऊ शकतं. भरलेल्या फुलांना बी कमी धरतं, पण हंगामाच्या शेवटी दोन-चार फुलं झाडावरच वाळू द्यावीत. ते बी पुढच्या ऑगस्टमध्ये पेरलं की डिसेंबरपर्यंत फुलं दिसतात. बहुतेक रोपं टाकाऊ निघतील. जी जानेवारीच्या आखूड दिवसांतही मधली चकती झाकून ठेवतील, त्यांचेच कंद ठेवावेत.