अँथनी गोन्साल्विस आणि वाद्यमेळाची मजुरी

कामगार चळवळीतला माणूस संगीतावर काय बोलणार, अशी शंका पत्रिका वाचून पुष्कळांना आली असेल. ती रास्त आहे. आम्ही गाणे शिकलेलो नाही. आमचे शालेय शिक्षणही बेताचेच. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. परंतु एखाद्या मालात कोणाकोणाचे श्रम शिरले आहेत आणि त्यांपैकी कोणाचे नाव वेष्टनावर येते, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे. आणि चित्रपटातले गाणे हाही शेवटी एक मालच होय. त्या दृष्टीने आज एका गोमंतकीय वादकाची हकीकत सांगावयाची आहे.

नाव तुम्हां सर्वांच्या ओळखीचे आहे. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला. तो काही वर्षांनी एकलहऱ्याच्या वसाहतीत गणपतीच्या दिवसांत पडदा बांधून दाखविला गेला, तेव्हा आम्ही पडद्याच्या उलट्या बाजूला बसलो होतो, कारण सुलट बाजूला जागा उरली नव्हती. अमिताभ बच्चन एका प्रचंड अंड्यातून बाहेर येतो, डोक्यावर उंच टोपी, हातात छत्री, आणि आपले नाव गाऊन सांगतो. पुढे आठवडाभर वसाहतीतली पोरे घरातल्या छत्र्या घेऊन तेच नाव सांगत हिंडत होती. या नावाचा माणूस खरोखरीच आहे आणि तो व्हायोलिन वाजवितो, हे कळावयास आम्हांला वीसएक वर्षे लागली.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यात, सासष्टीतल्या माजोर्डा गावी झाला. वडील गावच्या चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चना जोडून संगीताच्या शाळा असत आणि तेथे मुलांना स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. हेतू प्रार्थनेपुरता होता. पण त्यातून एक असा वर्ग तयार झाला की ज्याला कागदावरची सुरावट आपण वर्तमानपत्र वाचतो तशी वाचता येई. गावात त्या विद्येवर पोट भरत नव्हते. मग गिरणीसाठी जसा कोकणी माणूस मुंबईला गेला, तसा हा वर्ग वाद्याची पेटी घेऊन गेला. गिरणगावात गावकीचे गाळे होते, तशा धोबीतलावाकडे गोवेकरांच्या गावोगावच्या 'कूड' होत्या. पाहिले तर फरक फारसा नाही; एकाच्या हाताला कापूस, दुसऱ्याच्या हाताला घोड्याच्या केसांचा गज. १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, गोन्साल्विस मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवू लागले.

आता हे लोक नेमके काय करीत, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. संगीत-दिग्दर्शक हार्मोनियमवर बोटे ठेवून कवीच्या शब्दांना चाल लावतो. ती गाण्याचा प्राण, यात वाद नाही. पण तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आपण ऐकतो, तिच्यात चाल तेवढीच नसते. मुखड्याच्या आधी काही वाजते. दोन कडव्यांच्या मधे काही वाजते. गायिका एक ओळ संपवून श्वास घेते, तेव्हा मागून व्हायोलिने वेगळीच ओळ बोलून जातात. हे सारे कोणीतरी योजावे लागते. तबलजी आणि सारंगिये ऐकून, ध्यानात ठेवून वाजवीत. परंतु तीस-चाळीस व्हायोलिने एकदम, एका गजाने, एका दमात वाजवावयाची तर प्रत्येकासमोर लिहिलेला कागद हवा. तो लिहिणारा म्हणजे वाद्यमेळ रचणारा. तोच बहुधा ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर उभा राहून हात करी. त्या काळी आवाज आणि वाद्ये एकाच वेळी मुद्रित होत. चाळिसांत एकाचा गज घसरला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. पाळीवर काम केलेल्या कोणालाही हा ताण समजावून सांगावा लागणार नाही.

असे रचनाकार बहुतेक गोमंतकीय. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याजवळ चिक चॉकलेट हा ट्रंपेटवाला होता. 'अलबेला' (१९५१) मध्ये तो आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतोसुद्धा. गोन्साल्विस यांचे हात ऐकावयाचे असतील तर 'प्यासा' (१९५७) मधले गुरुदत्त आणि माला सिन्हा यांचे स्वप्नातले युगुलगीत लावावे, आणि गाणारे थांबतात तेथे कान द्यावा.

गोन्साल्विस यांचे वेगळेपण असे की ते पाश्चात्य कागदावर थांबले नाहीत. आमच्या लोकांना राग आहेत पण स्वरसंवाद नाहीत, आणि त्यांच्याकडे स्वरसंवाद आहेत पण राग नाहीत. हे दोन्ही एका वाद्यवृंदात का येऊ नयेत, असा त्यांचा ध्यास होता. सारंगीनवाज रामनारायण यांच्यासारख्यांच्या सहवासात त्यांनी हिंदुस्थानी संगीत जाणून घेतले आणि सारंग रागात व्हायोलिनसाठी कॉन्चेर्टो लिहिला. १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्यांनी शंभराहून अधिक वादक बसविले. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी तेथे गायले. दिवसभर चित्रपटाच्या कामावर राबणाऱ्या वादकांकडून असे संगीत बसवून घ्यावयाचे, यात कष्ट किती असतील ते संघटनेची साधी सभा भरविणाऱ्यालाही समजेल. तो वाद्यवृंद टिकला नाही. चित्रपटाच्या मागे निर्मात्याचा पैसा होता. याच्या मागे कोण असणार?

ते शिकवीतही. वांद्र्याच्या घरी येणाऱ्या मुलांत दोघे पुढे फार मोठे झाले : एक राहुलदेव बर्मन आणि दुसरा ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मांचा मुलगा प्यारेलाल.

१९६५ साली गोन्साल्विस सिराक्यूज विद्यापीठाच्या साहाय्याने अमेरिकेला गेले. परत आले ते चित्रपटाच्या कामाकडे वळले नाहीत, माजोर्ड्याला जाऊन राहिले. ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल मोरिया नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या नावाचा वाद्यवृंद काढला, आणि ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. मोरियाही याच धंद्यातला. १९२५ साली मार्सेय शहरी जन्म, घराणे संगीताचे, सतराव्या वर्षी पहिला बँड, मग शार्ल अझ्नाव्हूर आदी गायकांसाठी वाद्यमेळ रचण्याचे काम. १९६७ च्या युरोपियन गीतस्पर्धेत आंद्रे पॉप यांची एक चाल चौथ्या क्रमांकावर राहिली होती. मोरियाने शब्द काढून टाकले आणि ती नुसत्या वाद्यांवर वाजविली. १९६८ साली ती तबकडी अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. जपानात तर या माणसाचे वेड लागले होते. तो २००६ साली वारला. चाल त्याची नव्हती, हे ध्यानात ठेवा, ती पॉपची. पण तबकडीवर मोठ्या अक्षरांत नाव मोरियाचे, कारण तेथल्या गिऱ्हाइकाला वाद्यमेळ हीच वस्तू म्हणून विकली गेली. आपल्याकडे चित्रपट विकला जाई, नट विकला जाई. वाद्यमेळ रचणारा श्रेयनामावलीत बहुधा 'सहायक' या सदरात, कित्येकदा तेथेही नाही.

कोणी म्हणेल, ही रीतच होती. रीती बदलतात, पण मागितल्याशिवाय नाही. 'महल' (१९४९) च्या गाण्याची तबकडी प्रथम निघाली तेव्हा तिच्यावर लताबाईंचे नाव नव्हते. चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी' असे, नाव छापले होते! गाणारांची नावे यावीत म्हणून त्या भांडल्या. फिल्मफेअरचे पारितोषिक पार्श्वगायनाला मिळू लागले ते १९५९ पासून, आणि तेही अशाच आग्रहानंतर. वादकांनीही संघटना केली. सिने म्युझिशियन्स असोसिएशनने वादकांच्या श्रेणी ठरविल्या, पाळीचे दर ठरविले. मजुरी मिळाली, नाव राहिले. रोजंदारीवाल्याला हा व्यवहार नवा नाही.

म्हणूनच प्यारेलाल यांनी जे केले ते आम्हांला मोठे वाटते. पटकथेत त्या पात्राचे आडनाव आधी फर्नांडिस होते. ते चालीत बसेना, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे आडनाव सुचविले. श्रेयनामावलीत ज्याला जागा नव्हती तो अशा रीतीने थेट गाण्याच्या तोंडी जाऊन बसला. मात्र विनोदी गाण्यात; आणि आजही शंभरांतले नव्वद लोक ते पात्राचेच नाव समजतात.

कायद्याचे पुस्तक उघडून पाहिले तर १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगीतकृतीचा वाद्यमेळ रचणे याचा उल्लेख 'रूपांतर' या व्याख्येत सापडतो, म्हणजे तो मूळ कृतीच्या मालकाचा एक हक्क आहे. रचणाऱ्याला निराळे स्थान नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चाल लावणारा आणि गीतकार यांना मानधनाचा न तोडता येणारा वाटा मिळाला, आणि ध्वनिमुद्रणात वाजविणाऱ्या कलावंतालाही व्यापारी उपयोगाच्या वेळी वाटा मागण्याचा आधार मिळाला. ही दुरुस्ती २१ जून २०१२ रोजी अमलात आली. गोन्साल्विस त्याच वर्षी १८ जानेवारीला गोव्यात वारले होते.