गोळी आधी, तुकडा नंतर

सकाळी ६.

उठल्या उठल्या आजींच्या मुलाला फोन. "गोळ्या दिल्या का?"

"चहासंग पोयी खाल्ली, मंग देल्या जी. साठच्या."

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईड, ६० मिलिग्रॅम, रोज सकाळी, खाल्ल्यावर. आज पाचवा दिवस. डोकं कसं आहे विचारलं, तर म्हणाला, "रातभर झोपली माय. उजव्या कुशीवर झोपली." महिना-दीड महिना उशीला उजवं कानशील टेकवता येत नव्हतं त्यांना. आज दुपारी अमरावतीला त्यांची बायोप्सी आहे आणि मी सोबत जाणार आहे.

सकाळी ८.

दवाखाना उघडला. कामरगावात सध्या कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे बाया एकतर आठच्या आत येतात, नाहीतर दिवस मावळल्यावर. आजीही शुक्रवारी अशाच सुनेसोबत आल्या होत्या. वय ७२. तक्रार एवढीच की डोकं दुखतं आणि फणी लागू देत नाही. डोकेदुखीचे पेशंट रोज पाच-सात असतात. पण सत्तरीत पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी असली की मी एक प्रश्न हमखास विचारते: जेवताना जबडा दुखतो का?

"अर्धी भाकर चावली का जबडा भरून येते, बाई. थांबा लागते. मंग पुन्हा चावतो."

दात दुखत असता तर पहिल्या घासालाच दुखला असता. चावता चावता जबडा थकतो आणि थांबलं की बरं वाटतं, याचा अर्थ स्नायूला रक्त कमी पडतं. मी कानासमोरून कपाळाकडे बोट फिरवलं. तिथली धमनी सुतळीसारखी जाड, गाठीगाठीची, आणि उडत नव्हती. मग सून म्हणाली की परवा चुलीपुढं बसल्या बसल्या सासूच्या उजव्या डोळ्यापुढं पडदा आला होता, थोड्या वेळानं गेला.

जायंट सेल आर्टेरायटिस. पन्नाशीनंतरचा, बहुतेकदा सत्तरीच्या पुढचा आजार. मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या भिंतीला सूज येते, आतली वाट अरुंद होते, आणि डोळ्याच्या नसेला रक्त पोचवणारी बारीक वाट बंद झाली की नजर जाते. गेलेली नजर सहसा परत येत नाही, आणि औषध नसेल तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. उत्तर युरोपात हा आजार बराच दिसतो, आपल्याकडे क्वचित. क्वचित दिसतो म्हणूनच तो निसटतो. १८९० साली लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एका म्हाताऱ्याबद्दल लिहिलं होतं. कानशिलावरच्या सुजलेल्या धमन्यांमुळे त्याला टोपी घालवत नव्हती. आमच्या आजींना फणी लागत नव्हती, इतकाच फरक.

शुक्रवारी रक्त पाठवलं, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर १०४ आला, खूपच वाढलेला. पण पहिली गोळी मी रिपोर्टच्या आधीच, दवाखान्यातल्याच माठातल्या पाण्यासोबत दिली होती.

त्याला कारण आहे. मी शिकाऊ असताना एका मोठ्या दवाखान्यात असेच एक काका आले होते. आधी बायोप्सी, म्हणजे धमनीचा तुकडा काढून तपासणं, मग स्टेरॉईड, असं ठरलं. स्टेरॉईड दिलं तर तुकड्यात काही दिसणार नाही, ही भीती. शस्त्रक्रियेची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. सहाव्या दिवशी सकाळी काकांनी मला विचारलं, "लाइट गेली का ओ?" लाइट होती. ती भीती मुळातच चुकीची होती. धमनीच्या भिंतीतले बदल गोळ्या सुरू झाल्यावर दोन आठवडे तरी सहसा दिसतात, कित्येकदा त्याहून जास्त. तुकडा थांबू शकतो, डोळा थांबत नाही.

सकाळी ११.

सर्दी, खोकला, बीपी, पायात काटा मोडलेला एक पोरगा. आजींचं नाव ऐकून एकीनं विचारलं, "त्याइच्या डोक्याचं आप्रेशन हाय म्हंते?" नाही म्हटलं, कानशिलावरच्या कातडीखालचं आहे, हाडाला हातही लागत नाही.

दुपारी १२.

निघालो. आमचं जिल्ह्याचं ठिकाण वाशीम, पण अशा कामाला अमरावती जवळ पडतं. गाडीत मुलानं विचारलंच, "बायोप्सी म्हणजे कॅन्सरच ना, बाई? तुकडा काढला का पसरते म्हंते."

त्याला सांगितलं, हा कॅन्सर नाही, आणि तुकडा काढल्यानं काही पसरतही नाही. मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "गोयीनं बरं वाटून राह्यलं, तं कापाचं काऊन?"

यावरच माझा सगळा जोर आहे. या गोळ्या पाच दिवसांच्या नाहीत. डोस हळूहळू उतरवत वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षं चालतात. आजींना साखर आहे. साखर वाढेल, हाडं ठिसूळ होतील, छातीत जुना टीबी दबलेला असला तर डोकं वर काढेल. त्यासाठी एक्स-रे शनिवारीच काढला, स्वच्छ आहे. सहा महिन्यांनी साखर तीनशेवर जाईल आणि कोणीतरी म्हणेल, कशाला घेता हे स्टेरॉईड, बंद करा. त्या दिवशी आजींच्या हातात बायोप्सीचा कागद पाहिजे. स्टेरॉईडनं तर गुडघेदुखी, दमा, सगळ्यांनाच बरं वाटतं. बरं वाटणं हा पुरावा नाही.

आणि आजींनी एक गोष्ट कालच सांगितली. सहा महिन्यांपासून सकाळी खांदे आखडायचे, हात वर होत नसत, तेव्हा कुणाकडून तरी पुडी घ्यायच्या. पुडीनं झटकन मोकळं व्हायचं. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांना असं खांद्याचं दुखणं असतं, आणि पुडीत बहुधा हेच स्टेरॉईड होतं. पुडी संपली आणि डोकं सुरू झालं. पुड्यांनी आजार झाकला, आणि मी खांद्यांबद्दल पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

दुपारी २:३०.

सर्जन माझे वर्गमित्र. या आजारात सोनोग्राफीवर धमनीभोवती काळं वलय दिसतं, युरोपात आता आधी तेच पाहतात. पण ते ओळखणारा सरावलेला डोळा लागतो आणि गोळ्या सुरू झाल्यावर ते वलय लवकर फिकं पडतं. म्हणून बायोप्सी.

कानासमोरचे चार बोटं केस काढले. रक्ताचा प्रवाह ऐकवणारा पेनाएवढा डॉपलर धमनीवरून फिरवला. काही ठिकाणी फस्-फस् आवाज, मध्येच शांत. शाईनं रेघ मारली. भुलीचं इंजेक्शन, मग केसांच्या रेषेत छोटा काप. पातळ पडद्याखाली ती दिसली: निरोगी धमनी मऊ, गुलाबी असते, ही पांढुरकी, कडक, वातीसारखी. दोन्ही टोकं रेशमी दोऱ्यानं बांधली आणि मधला भाग कापून घेतला. मी म्हटलं, "अजून थोडा घे." सूज सलग नसते, इथे आहे, पुढे नाही, पुन्हा आहे. तुकडा आखूड पडला तर नेमकी निरोगी जागा हाती येते. फॉर्मलिनमध्ये तो आकसतो, आणि आकसल्यावरही किमान १ सेंटिमीटर उरायलाच हवा.

टाके घातल्यावर सर्जन म्हणाले, "आजी, भुवया वर करा." भुवई उचलणारी नस तिथूनच जाते. दोन्ही भुवया वर गेल्या. आजी म्हणाल्या, "झालं? माह्या मनानं सुरूच नोयतं केलं."

दुपारी ४.

बाटली मी स्वतः पॅथॉलॉजीत नेली. नाव, वय, बाजू, तारीख, आणि ठळक अक्षरात 'स्टेरॉईड सुरू, दिवस ५'. मॅडमनी तेवढंच आधी वाचलं. त्या तुकड्याचे एकाखाली एक अनेक काप घेतील, धमनीच्या आतला लवचीक पडदा तुटलाय का पाहतील. ज्यांच्यावरून आजाराला नाव पडलं त्या अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी प्रत्येक तुकड्यात सापडतातच असं नाही, आणि निदानाला त्या असायलाच हव्यात असंही नाही. काहीच नाही सापडलं तर? तरी आजींच्या गोळ्या चालू राहतील. बायोप्सी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही, आणि जबडा, डोळा, ती सुतळी, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. पण सापडलं, तर पुढच्या दोन वर्षांत कुणी शंका घेणार नाही. आजार उलटला आणि टोसिलिझुमॅबसारखं महाग इंजेक्शन सुरू करायची वेळ आली, तर संधिवाताचे डॉक्टर पहिला कागद हाच मागतील.

संध्याकाळी ७.

आजींना घरी सोडलं. सुनेनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकर, बेसन, कांदा. मी जेवत होते पण लक्ष आजींच्या जबड्याकडे. पाव, अर्धी, पाऊण. कुठेही थांबल्या नाहीत. ताटातलं शेवटचं बेसन पुसून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "अजून एक टाक."

निघताना मुलाला पुन्हा बजावलं: डोळ्यापुढं जरा जरी अंधारी आली तर सकाळची वाट पाहू नको, रात्री दोनलाही दार वाजव. आणि गोळी एक दिवससुद्धा चुकायची नाही.

रात्री १०.

मोबाइलवर पॅथॉलॉजीच्या मॅडमचा निरोप: 'तुकडा २.१ सेंटिमीटर भरला. उद्या प्रोसेसिंगला लावते.' आजींच्या फाइलवर लिहून घेतलं, २.१, आणि सकाळी सहाचा गजर लावला.