नकार दिला कुणी?

लारावेलचं ॲप डॉकरमध्ये हलवलं आणि शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर उमटलं: २००२, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

“कुठली फाइल? सगळ्या तर आहेत!”

तिची शंका रास्त होती. सेटिंगमध्ये होस्ट होता ‘लोकलहोस्ट’. लिनक्सवर मायएसक्यूएलसाठी हे नाव दिलं की पीएचपी नेटवर्कच्या वाटेला जातच नाही. त्याच यंत्रावर सॉकेटची फाइल शोधत बसतं. कंटेनरमध्ये ती नव्हती. होस्ट १२७.०.०.१ केला, तरी संदेश तोच. कधीतरी ‘कॉन्फिग कॅश’ चालवलेलं होतं आणि ती कॅश असेपर्यंत लारावेल ‘डॉट ईएनव्ही’ फाइल वाचतच नाही. ‘कॉन्फिग क्लिअर’ केल्यावर आकडा २००२च राहिला, शब्द मात्र बदलले: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो. विनंती आता खरोखर ३३०६ या पोर्टपर्यंत गेली होती. तिथे ती घ्यायला कुणी नव्हतं. कंटेनरच्या लेखी १२७.०.०.१ म्हणजे तो स्वतः, आणि डेटाबेस तर दुसऱ्या कंटेनरमध्ये. होस्ट म्हणून कंपोज फाइलमधलं त्या सर्व्हिसचं नाव द्यायला हवं होतं.

ते दिलं आणि आलं १०४५, ‘ॲक्सेस डिनाइड’. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, हा नकार खुद्द मायएसक्यूएलने दिलाय. म्हणजे पत्ता, पोर्ट, नेटवर्क सगळं बरोबर आहे, आता त्याला हात लावू नकोस. इथेच घाईघाईत पुन्हा होस्ट बदलून हाती आलेलं घालवणारी माणसं मी पाहिली आहेत. संदेशाचं शेपूट वाचायला हवं. तिथे होतं, ‘यूझिंग पासवर्ड: नो’. पासवर्ड चुकीचा असता तर ‘येस’ आलं असतं. इथे तो पाठवलाच गेला नव्हता! पासवर्डची सुरुवात # या चिन्हाने होती आणि अवतरणचिन्हं नसतील तर # पासून पुढचा मजकूर टिप्पणी समजून सोडून दिला जातो. तिने अवतरणचिन्हं घातली.

पुढची तक्रार टेबल नसल्याची. ती तिने शेवटच्या शब्दापर्यंत वाचली आणि मायग्रेशन चालवलं.